शाळेचं छप्पर आणि हेरिटेजची परवानगी: माझा अनुभव

आमची गिरगावातली शाळा 1880 च्या दशकातली, म्हणजे चौपाटीवरचं विल्सन कॉलेज (1889) उभं राहत होतं साधारण त्याच सुमाराची. काळ्या दगडाच्या भिंती, कमानींना मालाडचा पिवळसर दगड, वर सागवानी कैच्या (छपराचे त्रिकोणी लाकडी सांगाडे) आणि मंगळुरी कौलं. छपराच्या दुरुस्तीची फाईल माजी विद्यार्थी संघातर्फे माझ्याकडे आली, खरं सांगायचं तर दुसरं कोणी घेईना म्हणून आली. आता काम मार्गी लागलंय आणि "परवानगी कशी मिळवली गं" असं बरेच जण विचारतात, म्हणून एकदाच लिहून टाकते.

पहिली पायरी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारत किती भक्कम आहे याची तपासणी. मुंबईत 30 वर्षांवरच्या इमारतीला पालिका कायद्याच्या 353 बी कलमाखाली ते करावंच लागतं, त्यात पळवाट नाही. आमच्याकडे आधी आलेल्या इंजिनियरनी भिंतींवर रिबाउंड हॅमर (ठोका मारून मजबुती मोजायचं यंत्र) चालवला. आता हे यंत्र काँक्रीटसाठी असतं हो, आणि आमच्या इमारतीत काँक्रीट औषधालाही नाही! दगड, चुना आणि लाकूड, बस. रिपोर्ट आला सी-1, म्हणजे धोकादायक, रिकामी करा. एका ट्रस्टींनी लगेच नवीन बिल्डिंगचा विषय काढला, मुख्याध्यापिका बाईंना तर रडूच फुटायचं बाकी होतं.

मग एका कॉन्झर्वेशन आर्किटेक्ट (जुन्या इमारती जतन करणाऱ्या वास्तुविशारद) ताईंना गाठलं आणि जुन्या बांधकामाची माहिती असलेल्या दुसऱ्या इंजिनियरकडून परत ऑडिट करून घेतलं. त्यांनी कौलं काढून प्रत्येक कैचीचं भिंतीत बसलेलं टोक टोचून पाहिलं, कारण पाणी मुरतं आणि वाळवी लागते ती तिथेच. मधलं लाकूड अजून ठणठणीत होतं, काही टोकंच कुजलेली. सी-1 वरून आम्ही सी-2 बी वर आलो, म्हणजे मोठी दुरुस्ती पण पाडापाडी नाही. ज्यांची इमारत जुनी आहे त्यांनी ऑडिटरला पहिला प्रश्न हाच विचारा की दगड-चुन्याची इमारत आधी तपासलीय का, फी नंतर बोला.

या तपासणीत एक गोष्ट कळली ती मला फार लागली. इमारतीचं सगळ्यात जास्त नुकसान वयाने नाही, आधीच्या दुरुस्त्यांनी केलंय. कधीतरी कुणीतरी भल्या मनाने पश्चिमेच्या भिंतीच्या दरजा (दगडांमधले सांधे) सिमेंटने भरल्या. आपल्या देशातल्या सुरुवातीच्या सिमेंट कारखान्यांपैकी पोरबंदरचा सुरू झाला तोच 1914 मध्ये, म्हणजे ही भिंत बांधली तेव्हा सगळं चुन्यावरच. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंट तिला अडवतं, मग ते पाणी दगडातून वाट काढतं, त्यात आपली खारी हवा, आणि मालाडचा दगड पापडासारखा सुटायला लागतो. खालच्या काळ्या दगडाला काही झालेलं नाही, पण कमानींवरची कोरलेली पानं निम्मी गेली. ती परत येणार नाहीत.

आता परवानगी. आमची इमारत वारसा इमारतींच्या यादीत ग्रेड 2 बी मध्ये आहे त्यामुळे अर्ज पालिकेत जातो आणि तिथून हेरिटेज कमिटीकडे, 1995 च्या नियमांपासून ही व्यवस्था आहे, आता डीसीपीआर 2034 (मुंबईची विकास नियमावली) मधलं 52 नंबरचं कलम. आमचा पहिला अर्ज परत आला कारण आधीच्या कन्सल्टंटने त्यात "रिनोव्हेशन" लिहून कौलांऐवजी रंगीत पत्रा दाखवला होता, स्वस्त पडतो म्हणून. ताईंनी सगळं नव्याने केलं, प्रत्येक खोलीची मापं घेऊन ड्रॉइंग, प्रत्येक भेगेचा फोटो नंबर टाकून, आणि काम एका ओळीत: जसं होतं तसंच. कुजलेलं टोक कापून तेवढंच सागवान सांधायचं, कौलं तीच परत, फुटलेली तेवढी बदलायची, दरजांतलं सिमेंट हाताने छिन्नीने काढून चुना भरायचा. मीटिंगमध्ये प्रश्न आले ते चुन्याच्या मिश्रणाबद्दल आणि पन्हळी कुठून जाणार याबद्दल, बाकी फार ताणलं नाही. मला उगाच वाटत होतं की कमिटी म्हणजे कामात खोडा, पण पत्रा नको म्हणणारे तेच पहिले निघाले.

मिस्त्री मिळणं मात्र परवानगीपेक्षा अवघड. चुना भिजवून मुरवायला वेळ लागतो, त्यात सुरखी (विटांची पूड), गुळाचं आणि मेथीचं पाणी, शाळेच्या अंगणात पिंप ठेवली तर पोरांना वाटलं कसलातरी प्रसाद आहे.

छप्पर पावसाआधी झालं. पश्चिमेची भिंत दिवाळीनंतर घेणार आहोत कारण ताजा चुना मुंबईच्या पावसात धुऊन जातो, आणि तोपर्यंत ट्रस्टकडून एक ठराव लेखी घेतलाय की ताईंना विचारल्याशिवाय कोणीही सिमेंटची गोणी आवारात आणायची नाही.