संत्र्याचा हट्ट

नागपुरात आलेल्या पाहुण्याला संत्र्याचा ज्यूस हवा असतो आणि ज्यूसवाला हटकून मोसंबीकडे बोट दाखवतो. "मोसंबी घ्या ना भाऊ, संत्र्याचा कडू होते." पाहुण्याला वाटतं, हा आपल्याला गंडवतोय. तो अगदी खरं सांगत असतो.

आमच्या संत्र्याचा रस काढल्याकाढल्या झकास लागतो, पण ठेवला की कडवट होत जातो. फोडीच्या पापुद्र्यात आणि बियांत एक बेचव द्रव्य असतं. फळ पिळलं की ते आंबट रसात उतरतं आणि हळूहळू त्याचं लिमोनिन बनतं. ते कडू. रस तापवला तर हे आणखी लवकर होतं, आणि कारखान्यात तर तापवल्याशिवाय चालतच नाही. म्हणून जगभरच्या रसधंद्याची भिस्त व्हॅलेन्शियासारख्या जातींवर. 2014 साली भौगोलिक मानांकन मिळवलेलं आमचं संत्रं मात्र कळमन्याच्या बाजारातून सोलून खाणाऱ्यांकडेच जातं. मला याचा छुपा आनंद आहे.

खोक्यातल्या रसाची तऱ्हा वेगळी. निर्वात भांड्यात, बेताच्या आचेवर पाणी उडवून 11-12 ब्रिक्सचा (ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेल्या साखरेचं शेकडा माप) रस 65 ब्रिक्सच्या आसपास घट्ट करतात; हाच कॉन्सन्ट्रेट. बासुंदीसारखाच आटवायचा, फक्त बासुंदीत नंतर कोणी पाणी ओतत नाही! वाफेबरोबर वासही उडतो. तो वेगळा पकडून पुन्हा मिसळतात. आकारमान घटतं, वाहतूक स्वस्त पडते, यात लबाडी काही नाही. लबाडी होती ती खोक्यावरच्या 'शंभर टक्के फळांचा रस' या अक्षरांत. पाणी घालून पूर्ववत केलेल्या रसावरून हा दावा काढा, असं अन्न सुरक्षा प्राधिकरणानं जून 2024 मध्ये कंपन्यांना बजावलं.

आणि महागडा, 'कॉन्सन्ट्रेटपासून नव्हे' म्हणवणारा? तोही पाश्चराइज केलेला असतो, आणि कित्येकदा प्राणवायू काढून महिनोन्‌महिने टाक्यांत साठवलेला. 'ताजा' म्हणायला मोठं मन लागतं.

आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याचा, माल दिवाळीच्या आगेमागे बाजारात येतो. तेव्हा रसच प्यायचा असेल तर बिया काढा, हलक्या हातानं पिळा, आणि ग्लास समोर ठेवून फोनवर बोलत बसू नका.