बीट-दह्याचं डिप: सगळं अडतं ते पाण्यापाशी

"बीट उकडा, दही घाला, मिक्सरमधून फिरवा" असं सांगणाऱ्या पाककृतींवर माझा राग आहे. तसं केलं की वाटीत येतो तो गुलाबी मठ्ठा. खाकरा बुडवला की मनगटापर्यंत ओघळ.

उकडण्यात काही अवघड नाही. 2 मध्यम बीट (साधारण 300 ग्रॅम) सालासकट, देठाचा थोडा बुंधा ठेवून, कुकरला 4-5 शिट्ट्या. आधी सोललं तर रंग पाण्यात जातो.

खरी कटकट पुढे. दह्यात पाणी, बीटातही पाणी, आणि दोन्हीकडून ते काढावंच लागतं. अर्धा किलो सायीचं घट्ट दही मलमलच्या फडक्यात 5-6 तास टांगायचं. उन्हाळ्यात बाहेर टांगलं तर आंबतं, म्हणून चाळणीत ठेवून, वर वजन देऊन फ्रिजमध्ये. 200-250 ग्रॅम चक्का मिळतो. तो फडक्यापासून गोळ्याने सुटला नाही तर अजून तासभर थांबा. इथे घाई केली की पुढे उपाय नाही. उकडलेलं बीट किसून कोरड्या कढईत मंद आचेवर 4-5 मिनिटं परता, कडेला पाणी दिसेनासं होईपर्यंत. मग पूर्ण गार करा. गरम कीस पडला की चक्का पाणी सोडतो.

मिक्सरमध्ये जायचं ते फक्त बीट, 2 लसूण पाकळ्या, 1 चमचा भाजलेलं जिरं आणि पाव चमचा तिखट. चक्का हातानेच कालवायचा. पात्याखाली दह्याची घट्ट घडण मोडते आणि ते सैल पडतं. नंतर फ्रिजमध्ये ठेवूनही पहिल्यासारखं घट्ट होत नाही. मीठ (अर्धा-पाऊण चमचा) अगदी वाढताना, कारण मीठही पाणी ओढतं.

बीटाचा मातकट वास ज्यांना खुपतो त्यांनी लिंबू पिळावं, 1 चमचा पुरे. इराणात याच जातीच्या बोरानीत वाळवलेला पुदिना घालतात, तोही छान लागतो. मी मात्र हिंग-मोहरीची फोडणी देते, तीही गार करून.

हो, बीट लाकडी पाटावर चिरू नका, डाग निघत नाही. चक्क्याचं पाणी थालीपिठाच्या पिठात जिरतं. डिप फ्रिजमध्ये 2 दिवस टिकतं, पण दुसऱ्या दिवशी कच्चा लसूण डोकं वर काढतो. उरवायचंच असेल तर लसूण तेलात परतून घाला.