तुम्ही विचारलंत म्हणून: एडिटर फुकट, मग यांचं पोट कशावर?

नव्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायला बसलो की पहिल्या आठवड्यातच कुणीतरी विचारतं, ‘सर, कोड लिहायचा एवढा चांगला एडिटर फुकट देतात, मग या कंपन्यांचं पोट कशावर चालतं?’ आणि लगेच पुढचं, ‘उद्या पैसे मागायला लागले तर?’ वर्गात मी ‘नंतर सांगतो’ म्हणून सुटका करून घेतो. ते ‘नंतर’ आज उजाडलं म्हणा.

माझं उत्तर बोर्लंडपासून सुरू होतं. 1983 साली या कंपनीने टर्बो पास्कल, म्हणजे पास्कल भाषेत प्रोग्रॅम लिहायचं साधन, 49.95 डॉलरला विकायला काढलं. तेव्हा कंपायलरला (लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रॅमला) शेकडो डॉलर मोजायची रीत होती. शिवाय लिहायचं एका प्रोग्रॅममध्ये आणि कंपाइल करायचं दुसऱ्यात. टर्बो पास्कलने दोन्ही एकाच पडद्यावर आणलं. कोडमध्ये चूक निघाली की कर्सर थेट त्या जागी जाऊन उभा राहायचा. लोकांनी ते डोक्यावर घेतलं.

पुढे जावा या भाषेच्या काळात तिच्यासाठीचं बोर्लंडचं जेबिल्डर हे साधन बाजारात होतं. 2001 मध्ये आयबीएमने एक्लिप्स हे तसलंच साधन सगळ्यांसाठी खुलं केलं, आणि वर त्या कोडची किंमत 4 कोटी डॉलर असल्याचंही सांगितलं. एक्लिप्स म्हणजे ग्रहण, आणि जावा होती सन कंपनीची, म्हणजे सूर्याची! आयबीएमवाले म्हणायचे, नावाचा रोख मायक्रोसॉफ्टवर आहे. असेलही. ग्रहण लागलं ते मात्र बोर्लंडला. जेबिल्डर 2007 ही आवृत्ती तर त्यांना एक्लिप्सच्याच पायावर उभी करावी लागली, आणि 2008 मध्ये हा अख्खा विभाग त्यांनी विकून टाकला.

आयबीएमला हा दानधर्म परवडला, कारण तिचा गल्ला दुसरीकडे भरत होता. जावात लिहिणारे वाढले की जावा प्रोग्रॅम चालवणाऱ्या तिच्या विकतच्या वेबस्फिअर सर्व्हरला गिऱ्हाईक वाढणार होतं. बोर्लंडकडे विकायला होती ती साधनंच. म्हणून फुकटची गोष्ट मला कधी तुमच्याआमच्यावरच्या उपकाराची वाटत नाही. तो दोन कंपन्यांमधला मामला असतो, आपल्याला मधल्यामध्ये लाभ होतो. (जीसीसी या कंपायलरसारखी साधनं यात धरू नका. ती 1987 पासून तत्त्वासाठी खुली आहेत, तो वेगळा विषय.)

मायक्रोसॉफ्टचं गणितही असंच. 2005 मध्ये व्हिज्युअल स्टुडिओ या त्यांच्या प्रोग्रॅमिंगच्या साधनाच्या एक्सप्रेस आवृत्त्या आल्या, आधी वर्षभरासाठी फुकट आणि एप्रिल 2006 मध्ये कायमच्या. पण त्यात बाहेरचे ॲड-इन (जादा सोयी देणारे जोडप्रोग्रॅम) चालत नसत. एका प्रोग्रॅमरने चाचण्या चालवणारं आपलं ॲड-इन त्यात बसवून दाखवलं, तर त्याला वकिलांची पत्रं गेली! ती आडकाठी 2014 च्या कम्युनिटी आवृत्तीत गेली. मन पालटलं म्हणून गेली असं मला वाटत नाही. तोवर मायक्रोसॉफ्टला अझूर या आपल्या भाड्याच्या सर्व्हर-सेवेवर माणसं हवी होती. कोड ठेवायच्या गिटहब या साइटवरही तेच दिसलं. एकट्यादुकट्याला खाजगी रेपॉझिटरीचे (इतरांना न दिसणाऱ्या कोडच्या साठ्याचे) पैसे पडायचे, बिटबकेट आणि गिटलॅब या स्पर्धक साइट मात्र ती फुकट देत होत्या. 2018 मध्ये मायक्रोसॉफ्टने गिटहब 750 कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं, आणि जानेवारी 2019 पासून तिथेही खाजगी रेपॉझिटरी फुकट झाल्या.

त्यामुळे काय फुकट आहे यापेक्षा फुकट कुठे संपतं, ते मी आधी बघतो. व्हीएस कोड या मायक्रोसॉफ्टच्या फुकट एडिटरचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, एमआयटी परवान्याखाली (कुणीही वापरा, बदला) खुला आहे. त्यावरून इतरांनी बांधलेला व्हीएससोडियम हा एडिटरही मिळतो. पण मायक्रोसॉफ्टचा सी शार्प भाषेचा डीबगर (कोडमधल्या चुका शोधायचं साधन) त्यात वापरायला परवानगी नाही. तो फक्त त्यांच्याच एडिटरांसाठी. एडिटर मोकळा, डीबगर बांधलेला. कुंपण कुठे आहे ते इथे हाताला लागतं.

‘पैसे मागायला लागले तर?’ हे माझ्याबाबतीत घडून गेलंय, पण एडिटरच्या नाही, होस्टिंगच्या (ॲप इंटरनेटवर चालू ठेवायच्या सेवेच्या) बाबतीत. नाव घेत नाही. एका फुकट सेवेवर माझं हजेरी नोंदवायचं छोटं ॲप दोनेक वर्षं चालू होतं. एक दिवस ईमेल आलं, फुकट योजना बंद, महिनाभरात हलवा. कोड हलवायला एक संध्याकाळ पुरली. पण लॉगिन आणि फाइल साठवणं त्यांच्याच खास सेवांवर टाकलं होतं, ते उपसायला तीन आठवडे गेले. तेव्हा स्वतःवरच चिडलो होतो; सोय बघून मीच तर ते वापरलं होतं.

तेव्हापासून, आपण एडिटरच्या सोयींवर किती विसंबलोय ते मुलांना कळावं म्हणून, वर्गात एक खेळ करतो. प्रोजेक्ट चालायला लागला की एडिटर बंद करायला लावतो. समोर नुसतं टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायचा काळा पडदा. ‘आता बिल्ड करा,’ म्हणजे कोडचा चालता प्रोग्रॅम बनवा. मग शांतता. परवा एका मुलीने बराच वेळ त्या काळ्या पडद्याकडे बघून विचारलं, ‘सर, पण यात ते हिरवं बटण कुठंय?’