आमची वाटचाल: टेपर रिंगची जोडी

आमच्या वर्कशॉपमधून बाहेर जाणारा बहुतेक माल मुठीत मावतो. पोलादी कडी, दोन-दोनच्या जोडीने, तेल लावून मेणकागदात गुंडाळलेली. नवीन माणसाला ती जाड वायसरच वाटतात. पण प्रत्येक कड्याची एक बाजू समोरच्या बाजूपेक्षा काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असते, म्हणून नाव टेपर रिंग, आणि आमचा सगळा धंदा त्या मायक्रॉनवर उभा आहे.

सुरुवात भोसरी एमआयडीसीत झाली, भाड्याच्या गाळ्यात, एका जुन्या सरफेस ग्राइंडरवर, म्हणजे धातूचा पृष्ठभाग घासून सपाट करणाऱ्या मशीनवर. वडील टर्नर होते. निवृत्तीनंतर फंडाचे पैसे त्यांनी त्या मशीनमध्ये घातले आणि मला शेजारी उभं केलं. डायच्या प्लेटा, पॅकिंग, स्पेसर (दोन भागांत नेमकं अंतर ठेवणारी कडी), जे येईल ते घासून द्यायचं. जॉबवर्कच्या त्या वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. हात बसला आणि माणसं जोडली गेली, एवढं मात्र झालं.

त्या माणसांत मशीन दुरुस्तीचं काम करणारे एक काका होते. जुन्या ग्राइंडिंग मशीनचे स्पिंडल, म्हणजे चाक फिरवणारे मुख्य शाफ्ट, खोलून, नवीन बेअरिंग घालून पुन्हा बांधून द्यायचे. ते आमच्याकडे स्पेसर घेऊन यायचे आणि शाफ्ट फिरताना किती डुलतो ते मोजणारा डायल गेज लावून दर वेळी एकच गोष्ट विचारायचे: “नट सैल असताना डायलचा काटा जागचा हलत नाही, आणि नट आवळला की वीस मायक्रॉन आउट. असं का?”

कारण सरळ आहे, पण समजून घेतल्याशिवाय दिसत नाही. नटाचा फेस आटे आणि शाफ्टच्या अक्षाशी अगदी काटकोनात नसेल, किंवा मधल्या स्पेसरच्या दोन बाजू समांतर नसतील, तर आवळताना एका बाजूला जास्त दाब येतो. त्या दाबाने शाफ्टच किंचित वाकतो. बेअरिंग नवीन, शाफ्ट सरळ, तरी फिरताना टोक डुलतं. मग फिटर काय करतात? तांब्याच्या हातोडीने ठोकून काटा शून्यावर आणतात, नाहीतर एका बाजूला पितळी शिमचा (पातळ पत्र्याचा) तुकडा सरकवतात, डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी ठेवावी तसा. काही दिवस चालतं. मशीन तापलं, शिम दबली, की पुन्हा तेच.

वडिलांनी त्यावर दोन पाचरींचा उपाय काढला. ही कल्पना आमची नाही. दुर्बिणी आणि लेझरच्या कामात पाचरीसारखी दोन प्रिझम एकमेकांवर फिरवून किरण हवा तितका वळवतात, ती रचना फार जुनी आहे. तेच पोलादात करायचं. एका कड्याची जाड बाजू दुसऱ्याच्या पातळ बाजूवर आली की दोन्ही तिरके मिळून सपाट होतात. जाडीवर जाड आली की तिरकेपणा दुप्पट. मधल्या प्रत्येक कोनाला मधलं माप मिळतं. समजा 100 मिलिमीटर व्यासाच्या कड्याच्या दोन बाजूंत 50 मायक्रॉनचा फरक आहे. दोन्ही जाड बाजूंत 180 अंशांचं अंतर ठेवलं तर शून्य, 120 ला 50, 90 ला साधारण 71, 60 ला 87 आणि एकावर एक आल्या तर पूर्ण 100 मायक्रॉन. प्रत्येक कड्याच्या जाड बाजूवर खूण असते, आणि जोडीचा एकत्रित जाड बिंदू नेहमी त्या दोन खुणांच्या बरोबर मध्ये पडतो. म्हणजे किती आणि कुठे, दोन्ही गोष्टी फिटरच्या हातात येतात. घासायचं नाही, ठोकायचं नाही.

कागदावर सोपं दिसणारं हे कडं बनवायला मात्र अवघड. तिरकेपणा इतका कमी की डोळ्याला दिसत नाही. साइन प्लेट म्हणजे दोन रोलरवर बसलेली, कोन लावायची प्लेट; रोलरमध्ये 200 मिलिमीटर अंतर असलेल्या प्लेटच्या एका रोलरखाली 1.00 आणि दुसऱ्याखाली 1.10 मिलिमीटरची स्लिप गेज (अचूक मापाचे पोलादी ठोकळे) ठेवली की तो कोन मिळतो. कोन लावणं हा कामातला सोपा भाग. ईएन 31 या बेअरिंगच्या पोलादाचं पातळ कडं हार्डनिंगमध्ये, म्हणजे तापवून कडक करताना, हमखास वाकतं. मशीनचा मॅग्नेटिक चक (चुंबकी पाट) त्याला ओढून सपाट धरतो, आपण सुंदर ग्राइंडिंग करतो, आणि चुंबक सोडलं की कडं उसळून पुन्हा वाकडं. म्हणून आमचे ग्राइंडिंगवाले मामा पहिले कट चुंबक कमी ठेवून, वाकलेल्या जागी खाली आधार देऊन, बाजू उलटत-पालटत घेतात. टेपरची पाळी त्यानंतर येते. शेवटी प्रत्येक कड्यातलं उरलेलं चुंबकत्व काढावं लागतं. ते राहिलं तर बारीक चुरा चिकटतो, आणि दोन कड्यांत 5 मायक्रॉनचा कण अडकला तरी मामांची सगळी मेहनत पाण्यात जाते. या कामाला मशीनपेक्षा माणसाचा संयम जास्त लागतो, असं माझं ठाम मत आहे.

काकांच्या स्पिंडलवर पहिली जोडी चढवली तेव्हा एक वेगळीच अडचण कळली. नट फिरला की घर्षणाने कडीही सोबत फिरत आणि लावलेला कोन बिघडे. उपाय काकांनीच सुचवला: नट आणि कड्यांच्या मध्ये एक वायसर, ज्याची जीभ शाफ्टवरच्या चावीच्या खाचेत बसते. नटाचं फिरणं तिथेच थांबतं, पुढे फक्त दाब जातो. आजही आमच्या प्रत्येक सेटमध्ये तो वायसर असतो.

2008 च्या मंदीत जॉबवर्क जवळजवळ आटलं. नवीन मशीन घेणं लोकांनी पुढे ढकललं आणि जुनी दुरुस्त करून घेतली. आमची कडी तेव्हा चालली. पुढे स्लिटिंगवाल्यांकडून विचारणा आली. पोलादी पत्र्याची रुंद गुंडाळी कापून तिच्या पट्ट्या करणारी ही मशीन, एकाच शाफ्टवर गोल सुऱ्या आणि स्पेसर ओवलेले. तिथे सुरी ज्यावर टेकते त्या 100 मिलिमीटरच्या फ्लँजवर 10 मायक्रॉन तिरकेपणा असेल तर 300 मिलिमीटरच्या सुरीच्या धारेवर तो 30 दिसतो. पट्टीच्या कडेला बर (धारदार खरबरीत किनार) येते, धार लवकर जाते. त्यांच्यासाठी आम्ही कड्यांच्या कडेवर अंशांच्या रेघा आणि पिन स्पॅनरची भोकं द्यायला लागलो.

उधारी हा लहान कारखानदाराचा जुना आजार. कायदा 45 दिवसांचा आहे, पण एका मोठ्या ग्राहकाने आमचे पैसे त्याच्या कितीतरी पुढे अडकवले, तेव्हा पगार बायकोने स्वतःच्या बचतीतून भागवले. हिशेब आजही तीच बघते, आणि नवीन ग्राहकाची ऑर्डर आगाऊ रकमेशिवाय घेत नाही. ती योग्यच करते.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये गाळा बंद होता, तेव्हा कोनांचे तक्ते मराठीत आणि हिंदीत नीट मांडले. फिटरने डायलवरचं रीडिंग बघायचं, तक्त्यात कोन शोधायचा, दोन खुणा त्या अंतरावर लावायच्या. औंधच्या शासकीय आयटीआयमधून शिकून आलेल्या मुलीने ते तक्ते प्रत्यक्ष स्पिंडलवर एकेक करून तपासले. आता इन्स्पेक्शन तिच्याच ताब्यात आहे. ती खोली 20 अंशांवर ठेवतो, कारण माप त्याच तापमानाचं धरतात. ऑफिसात अजून पंखाच आहे. हाताळून गरम झालेलं कडं ती तासभर टेबलावर पडू देते, मग पुप्पी डायल, म्हणजे छोटा लिव्हरचा डायल गेज, लावते.

काही ऑर्डर आम्ही परत पाठवतो. बेअरिंग झिजलं असेल, शाफ्ट मुळातच वाकला असेल, तर टेपर रिंग लावून दोष झाकता येतो, पण तो झाकू नये. फिरताना भाग बाजूला सरकत असेल, म्हणजे मध्यच चुकला असेल, तर ही जोडी कामाचीच नाही. त्याला एकात एक बसणारे दोन एक्सेंट्रिक बुश (भोक मध्यापासून सरकलेले) लागतात. सध्या त्यांचे नमुने चालू आहेत. वेगाचाही विचार हवा. एका बाजूला जास्त पोलाद म्हणजे थोडा अनबॅलन्स येणारच, बाहेरून 100 आणि आतून 60 मिलिमीटर व्यासाच्या, 50 मायक्रॉन फरकाच्या एका कड्याला साधारण 17 ग्रॅम-मिलिमीटर. सावकाश फिरणाऱ्या शाफ्टला त्याचं काही नाही, वेगवान स्पिंडल मात्र कडी बसवल्यावर पुन्हा बॅलन्स करून घ्या.

चौकशी करताना शाफ्टचा व्यास, आरपीएम, नट किती टॉर्कने आवळता, हे कळवा. डायलची रीडिंग दोन हवीत: नट आवळलेला असतानाचं आणि सैल असतानाचं. सैल असतानाचं बरेच जण पाठवत नाहीत, आणि त्याशिवाय दोष नटाचा की शाफ्टचा हे सांगता येत नाही. ते आल्यावरच मामा स्लिप गेजचा डबा उघडतात.