उन्हाळ्याच्या सुट्टीत दुसऱ्यांची शाळा

आमची शाळा पहिली ते पाचवीची. पट ३१, शिक्षक दोन. चौथी-पाचवी सरांकडे, पहिली ते तिसरी माझ्याकडे, तीनही एकाच खोलीत. पट साठपर्यंत असेल तर प्राथमिकला दोन शिक्षक, असं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातच आहे. म्हणजे पाच इयत्ता आणि दोन माणसं ही खेड्यातली नेहमीची स्थिती. तरी डी.एड.ला आम्ही जे पाठ घेतले, ते एक खोली, एक इयत्ता, एक फळा असेच होते. तीन इयत्ता एकत्र कशा शिकवायच्या, हे मी सोळा वर्षं पडत-झडत शिकले.

गाव यवतमाळ जिल्ह्यात, तेलंगणाच्या सीमेकडे. कापूस, तूर, सागाचं जंगल आणि बाजूला कोलाम आदिवासींचं पोड, म्हणजे त्यांची वस्ती. पोडावरची मुलं घरी कोलामी बोलतात. मराठी त्यांना शाळेत आल्यावरच नीट कानावर पडते. हे आधीच सांगून ठेवते, पुढे त्याचा संबंध येईल.

२०२० मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि आमच्यासारख्या कितीतरी जिल्हा परिषद शिक्षकांना मोबाइलवरून परदेशी वर्गाशी बोलायची हिंमत आली. मीही एका फिनलंडच्या शिक्षिकेशी जोडली गेले. आमच्या मुलांनी तिच्या मुलांना पोळ्याचे बैल दाखवले, त्यांनी आम्हाला गोठलेलं तळं दाखवलं. एकदा बोलता बोलता कळलं की तिच्याही खोलीत तीन इयत्ता बसतात. फिनलंडच्या शाळांचं कौतुक मी किती प्रशिक्षणांत ऐकलं असेल, पण तिथल्या खेड्यातही जोडवर्ग असतात हे कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून मला तिचा वर्ग पाहायचाच होता. तिची शाळा, इमारत, प्रयोगशाळा हे सगळं नंतर. एका खोलीत तीन इयत्ता घेऊन बसलेली बाई सकाळी काय करते, मला एवढंच पाहायचं होतं.

याला तिकडे जॉब शॅडोइंग म्हणतात. सावलीसारखं दिवसभर एखाद्याच्या मागे राहायचं आणि त्याचं काम पाहायचं. युरोपातल्या शिक्षकांना त्यासाठी इरॅस्मस प्लस योजनेतून पैसे मिळतात. आपल्याकडच्या माझ्यासारख्या शिक्षकाला तो मार्ग नाही, त्यामुळे खर्च माझा. शिक्षक पतसंस्थेचं कर्ज काढलं आणि थोडी बचत मोडली. यजमान शिक्षिकेनं तिच्या घरी राहायची सोय केली नसती, तर मला हे परवडलंच नसतं.

तारखांचं मात्र विदर्भात असल्यामुळे जमलं. २०२४ ला आमची सुट्टी २ मेपासून होती आणि उन्हामुळे आमच्या शाळा १ जुलैला उघडणार होत्या. फिनलंडचं शालेय वर्ष त्या वर्षी १ जूनला संपत होतं. म्हणजे मे महिन्यात आमची शाळा बंद आणि त्यांची चालू. एकही रजा न घेता जाता येत होतं. ज्यांना जायचं असेल त्यांनी हा महिना लक्षात ठेवावा.

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मे महिन्यात लेकी माहेरी जातात, अन तू सुट्टीत शाळाच पाहाले चालली का वं?" पण जाताना तिळाच्या चटणीचा डबा त्यांनीच भरून दिला.

आता कागदपत्रांचं. शासकीय नोकरीत पासपोर्टसाठी ना-हरकत प्रमाणपत्र लागतंच, असं सगळ्यांनी मला घाबरवलं होतं. तसं नाही. आपण पासपोर्ट काढतोय अशी विहित नमुन्यातली पूर्वसूचना कार्यालयाला द्यायची आणि तिची प्रत अर्जाला जोडायची, एवढ्यावरही होतं. माझा पासपोर्ट नागपूरहून तसाच निघाला. परदेशी जायची परवानगी ही वेगळी गोष्ट, ती वरूनच हवी. मी डिसेंबरात प्रस्ताव दिला. सोबत तिकडच्या शाळेचं निमंत्रणपत्र, जायच्या-यायच्या तारखा आणि खर्च स्वतःचा असल्याचं हमीपत्र होतं. तो प्रस्ताव एका टेबलावर सव्वा महिना तसाच पडून राहिला. कुणी नाही म्हणालं नाही, पण पुढेही गेला नाही. मी पुन्हा पुन्हा एसटीनं जाऊन विचारत होते. त्या दिवसांत मला फार वाईट वाटायचं, कारण मी सुट्टी मागत नव्हते, शिकायला जायची परवानगी मागत होते. शेवटी मार्चच्या पहिल्या आठवड्यात आदेश हातात आला. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. आणखी दहा दिवस गेले असते तर सगळंच अडकलं असतं.

आदेश मराठीत होता. व्हिसाच्या अर्जाला इंग्रजी भाषांतर लागतं, ते करून घेतलं. शिवाय तीन पगारपत्रकं, बँकेचा खातेउतारा, आयकर विवरणपत्र, जायचं-यायचं तिकीट आणि किमान ३० हजार युरोचं संरक्षण देणारा प्रवास विमा. फोटो नेहमीचा चालत नाही, ३६ बाय ४७ मिलिमीटरचा लागतो. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, म्हणून धामणगावहून विदर्भ एक्सप्रेस धरून मुंबई. शुल्क तेव्हा ८० युरो होतं. त्याच जूनपासून ते ९० झालं. मधे निवडणुकीचं प्रशिक्षण, मग २६ एप्रिलला मतदान. २५ ला साहित्य घेऊन केंद्रावर मुक्कामाला जायचं होतं आणि २४ ला कुरिअरवाल्याचा फोन आला. पासपोर्ट उघडून व्हिसाचं पान पाहिलं आणि मी ओसरीतच बसून राहिले.

प्रवासाचं थोडक्यात. मुंबई, दोहा, हेलसिंकी, तिथून साडेतीन तासांच्या रेल्वेनं युवास्क्युला आणि पुढे बस. घरून निघाले तेव्हा अंगाची लाही होत होती. तिकडे बर्च झाडांना नुकती पोपटी पानं फुटत होती आणि रात्री दहापर्यंत उजेड.

सोमवारी, १३ मेला, सकाळी पावणेआठला शाळेत पोहोचलो. दारात सगळ्यांनी जोडे काढले, मुलांनी आणि शिक्षकांनीही. आमच्या वऱ्हांड्यातली चपलांची रांग आठवली आणि अंगातला परकेपणा थोडा उतरला. शाळेनं एक कागद सहीला दिला: मुलांचे फोटो काढायचे नाहीत, मुलांबद्दल जे कळेल ते बाहेर सांगायचं नाही. आपण मुलांचे फोटो किती सहज ग्रुपवर टाकतो, ते तेव्हा मनात आलं.

आठला वर्गात आली फक्त सहा मुलं. सगळी पहिलीची. दुसरी-तिसरीची कुठे आहेत, मी विचारलं. माझी यजमान शिक्षिका म्हणाली, नऊला येतील. पहिली आठ ते बारा, दुसरी-तिसरी नऊ ते एक. म्हणजे सकाळचा पहिला तास तिच्याकडे नुसती पहिली आणि दुपारचा शेवटचा तास नुसती दुसरी-तिसरी. मधले तीन तास सगळे एकत्र. रोज जमत नाही. पाच किलोमीटरहून लांबच्या मुलांना पालिका मोफत टॅक्सीनं आणते आणि टॅक्सीचं वेळापत्रक सांभाळावं लागतं. त्यामुळे आठवड्यातले दोनच दिवस. पण त्या एका तासात तिनं सहाही मुलांना एकेक करून जवळ बसवलं आणि प्रत्येकाचं वाचन ऐकलं. मधे एकदाही उठली नाही.

मी माझ्या वर्गात पहिलीच्या मुलाचं वाचन ऐकायला बसले की तिसरीतली तीन मुलं वह्या घेऊन डोक्यावर उभी असतात. सहा मुलांचं सलग वाचन मी शेवटचं कधी ऐकलं, मला आठवेना.

एकत्र तासांतही मी तिचे हात आणि पाय पाहत होते, कारण भाषा कळत नव्हती. ती आधी तिसरीला कामाला लावायची, मग दुसरीला, आणि शेवटी पहिलीजवळ बसायची. मी सोळा वर्षं उलट करत आले, लहान आधी. प्रत्येक मुलाच्या बाकावर एक लाकडी ठोकळा होता, एक बाजू लाल, एक हिरवी. अडलं की लाल बाजू वर करायची आणि हाक न मारता पुढचं गणित घ्यायचं. बाई येईपर्यंत हात थांबत नव्हते. पंचेचाळीस मिनिटं झाली की पंधरा मिनिटं सगळे बाहेर, पाऊस असला तरी.

जेवणाला शिक्षक मुलांबरोबर त्याच टेबलावर बसतात. तिथे १९४८ पासून शाळेत सगळ्यांना मोफत जेवण आहे. गुरुवारी वाटाण्याचं घट्ट सूप होतं, माझ्यासाठी मांसाशिवायचं केलेलं. वरणच वाटलं. सासूबाईंची चटणी मुलांनी चाखली आणि पाण्याला पळाली.

बुधवारी हस्तकलेचा तास होता. मुलगे विणत होते, मुली करवत चालवत होत्या. १८६६ पासून हा विषय त्यांच्या शाळेत आहे, आणि तो आणणारे उनो सिग्नेयस यांनी १८६३ मध्ये याच युवास्क्युलात फिनिश भाषेतलं पहिलं अध्यापन विद्यालय सुरू केलं. मला आमचं वर्धा आठवलं. १९३७ च्या ऑक्टोबरात तिथल्याच परिषदेत गांधीजींनी हातानं काम करत शिकण्याचा, नई तालीमचा विचार मांडला. आमच्या घरापासून सेवाग्राम काही तासांवर आहे. तिथली आनंद निकेतन शाळा मी अजून आतून पाहिलेली नाही, याची त्या करवतीच्या आवाजात खंत वाटली.

दुसऱ्या दिवशीची एक गोष्ट सांगायलाच हवी. सकाळपासून कानावर फक्त फिनिश. तिसऱ्या तासाला माझं डोकं दुखायला लागलं. चौथ्या तासाला मी खिडकीबाहेर पाहत बसले होते. कुणी हसलं की वाटायचं, मलाच हसतायत का? तेवढ्यात दुसरीतली एक मुलगी आली, माझं बोट धरून खुर्चीवर ठेवलं आणि म्हणाली, "तुओली." मग दारावर, "ओवी." मग खिडकीवर, "इक्कुना." मी म्हटलं की ती मान हलवायची, चुकलं की पुन्हा म्हणायची.

माझ्या वर्गात पोडावरचा एक मुलगा पहिले दोन महिने दाराशी बसून बाहेरच पाहायचा. मी त्याच्या नावापुढे लिहिलं होतं, लक्ष देत नाही. माझं स्वतःचं लक्ष एका दिवसात उडालं होतं. त्याच्या बोटाला धरून खुर्चीजवळ मी नेलं नव्हतं आणि खुर्चीला तुझ्या घरी काय म्हणतात, असंही कधी विचारलं नव्हतं. त्या रात्री उजेड होता म्हणूनच नव्हे, पण मला झोप लागली नाही.

सगळंच तिथलं चांगलं असं मला वाटलं नाही. मोठ्या सुट्टीत एक मुलगा दहाही दिवस एकटाच झोका घेत होता आणि कुणी त्याला खेळात ओढलं नाही. आमच्या पोरांनी पहिल्याच दिवशी ओढलं असतं. आणि त्या शाळेवरही टांगती तलवार आहे. पट कमी, म्हणून बंद करायची का, हे पालिका ठरवणार. तिकडे खेड्यातल्या कितीतरी शाळा अशाच बंद झाल्या. मी तिला सांगितलं, २०२३ च्या सप्टेंबरात आमच्याकडेही वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले होते. आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही.

१ जुलैला शाळा उघडली. शाळा व्यवस्थापन समितीत मी तो अलग तासाचा विषय मांडला: आठवड्यातून तीन दिवस पहिली एक तास आधी येईल आणि एक तास आधी जाईल. आमची मुलं पायीच येतात, टॅक्सीचा प्रश्न नाही. सरांनी लगेच होकार दिला. तरी पहिल्या पंधरवड्यात ते फसलं. लहान पोरं मोठ्या भावंडांचं बोट धरून येतात आणि दुपारी घरी कुणी नसतं, आई निंदणाला गेलेली. एक आई म्हणाली, "मॅडम, आधी आली तं चालते, पण आधी धाडू नका." तिचं बरोबर होतं. मग आधी यायचं ठेवलं, आधी जायचं काढून टाकलं. शेवटचा तास पहिलीची मुलं वऱ्हांड्यात मातीकाम करतात, चौथीतल्या दोन मुली लक्ष ठेवतात. मोठी भावंडं सोबत लवकर आली तर सरांच्या खोलीत पुस्तकं घेऊन बसतात.

कापूस वेचणी सुरू झाली तेव्हा लक्षात आलं की आईबाप सकाळी लवकर वावरात गेले की मुलं नऊपासूनच फाटकाशी उभी असतात. इतकी वर्षं ती तिथे उभीच होती. आता मी नऊला कुलूप उघडते.

गावच्या सुतारानं सागाच्या तुकड्यांचे ३१ ठोकळे करून दिले, पैसे घेतले नाहीत. एक बाजू मुलांनी गेरूनं रंगवली. खुर्ची, दार, खिडकी यांची कोलामी नावं चौथीतल्या एका मुलीनं मला देवनागरीत लिहून दिली आहेत. ती भिंतीवर मराठी नावांच्या शेजारी लावली. दाराशी बसणारा तो मुलगा आता दुसरीत आहे. परवा मी एक शब्द चुकीचा म्हटला, तेव्हा त्यानं स्वतःचा ठोकळा उचलून माझ्या टेबलावर लाल बाजू वर करून ठेवला आणि तो शब्द मला पुन्हा म्हणून दाखवला.