चॅनल सोळाची शिस्त, हिप्परग्याच्या काठावर

सोलापुरात मरीन व्हीएचएफचं, म्हणजे जहाजांवरच्या रेडिओचं, नाव काढलं की पहिला प्रश्न ठरलेला: "समुद्र कुठाय?" समुद्र नाही, आणि त्या बँडवर बोलायचा परवानाही आपल्याकडे नाही. हॅमवाल्यांनी (परवानाधारक हौशी रेडिओवाल्यांनी) या भागात १४४ ते १४६ मेगाहर्ट्झमध्येच राहायचं. मला दर्यावरची यंत्रं नकोत, आपल्या सरावासाठी दर्यावरच्यांची पद्धत हवी आहे.

मे २०२४ मध्ये उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. तेव्हापासून डोक्यात एकच: बोटीत रेडिओ सेट असता, तरी पलीकडे ऐकणारं कोण होतं? चॅनल १६, म्हणजे दर्यावर संकटात हाक द्यायचं १५६.८ मेगाहर्ट्झ, उपयोगी पडतं ते तिथे सतत कुणीतरी कान लावून असतं म्हणून. संपर्क जुळला की पुढचं बोलायला दुसऱ्या चॅनलवर जायचं, सोळा मोकळं ठेवायचं. चॅनल ७० वर तर बोलायचंच नाही; तिथून फक्त डिजिटल हाक जाते, सोबत जहाजाचा नऊ अंकी क्रमांक. भारतातल्या जहाजांचे क्रमांक ४१९ ने सुरू होतात.

आता आपल्या सरावाची प्रगती. गच्चीवर पाव तरंगलांबीची अँटेना उभी केली. १४५ मेगाहर्ट्झला उभा दांडा साधारण ४९ सेंटिमीटर, १५६.८ साठी तोच ४५-४६ भरला असता. एसडब्ल्यूआर (अँटेना सेटशी किती जुळते त्याचं माप) झकास आहे. रेंजचं गणित मात्र वॅटपेक्षा उंचीचं: दोघांनीही सेट दीड मीटरवर धरले तर दहा किलोमीटर, एक अँटेना सोळा मीटरवर गेली तर साडेएकवीस. म्हणून हिप्परगा तलावाच्या काठावरून पाच वॅटचा हँडहेल्ड गच्चीवर स्वच्छ येतो. (मधे सिमेंटच्या इमारती आल्या की हे गणित कागदावरच राहतं.)

सरावात संदेशाचा क्रम त्यांचाच घेतलाय: कोण, कुठे, काय झालं, कसली मदत हवी, माणसं किती. हाक मात्र "सराव, सराव, सराव" अशीच. "मेडे" हा खऱ्या संकटाचा शब्द सरावासाठीही हवेत सोडायचा नाही, यावर मी हटून बसलोय. क्रम कार्डावर लिहून सेटच्या पाठीला चिकटवा. कार्डाशिवाय बोलणारा भारीपैकी वर्णन करतो आणि माणसं किती तेच राहून जातं.

दोघांनी एकदम पीटीटी (बोलायचं बटण) दाबलं तर एफएममध्ये जोरदार सिग्नल दुसऱ्याला गिळतो. ज्याचा आवाज गिळला गेला त्याला पत्ताही लागत नाही. म्हणून नेट कंट्रोलने (हवेतलं बोलणं चालवणाऱ्याने) प्रत्येक संदेश परत वाचून दाखवायचा, आणि मधे श्वासभर थांबायचं. हे सगळ्यात जड जातंय. आपल्या लोकांना गप्प बसवणं महाकठीण.

पुढचा टप्पा उजनी. तिथे गच्चीचा उपयोग नाही, अंतर फार. काठावर उंच मास्ट आणि ऐकायला पाळीने माणूस लागेल. मच्छीमारांकडे परवाना नसल्याने सेट हॅमच्याच हातात राहील, त्यांच्यासाठी पहिला फोन ११२ लाच. उन्हाळ्यात बॅटरी सावलीत कुठे ठेवायची, यावर सूचना हव्यात.