बुटांचा क्लॉज

फॅमिली कोर्टात समुपदेशक आहे, शनिवारी मुलांच्या खोलीत ॲक्सेसची ड्युटी असते. ॲक्सेस म्हणजे ज्याच्याकडे मुलाचा ताबा नाही त्याने मुलाला भेटणं, बहुतेक वेळा बाबाच. दुसरा-चौथा शनिवार कोर्टाला सुट्टी, म्हणून ऑर्डरमध्ये पहिला आणि तिसरा, 11 ते 1. रजिस्टरमध्ये आल्याची वेळ, गेल्याची वेळ, दोघांच्या सह्या आणि शेवटी दोन बोटं रुंद ‘शेरा’. त्यात मी वर्षानुवर्षं ‘सुरळीत’ लिहितेय.

मुलगी सहा वर्षांची (ओळख पटू नये म्हणून थोडं बदललंय), ताबा आईकडे. हिंदूंच्या पालकत्वाच्या 1956 च्या कायद्यात पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे असं आहे, लोक त्याचा अर्थ काढतात की पाचव्या वाढदिवसाचा केक कापला की मूल आपोआप बाबाकडे, आणि काही वकील अशिलाचा हा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडत नाहीत. तसं काही नसतं, मुलाचं हित कशात आहे ते बघतात. या बाबाचा अर्ज मात्र पाच पूर्ण झाली त्याच आठवड्यात आलेला.

त्या शनिवारी त्याने नवे बूट आणले, टाचेत लाइट लागणारे. पोर दोन तास खोलीभर पळत होती, मध्येच कपाटामागच्या अंधारात जाऊन पाय आपटून बघायची. एकला पाच कमी असताना मी नेहमीसारखं "चला, आवरा" म्हणायला तोंड उघडलं तर ती आधीच बाकावर बसून वेल्क्रो काढत होती. कोणी सांगितलं नव्हतं, आई अजून दारातही नव्हती. बूट खोक्यात, उलटसुलट जोडीने, वर तो पातळ कागदसुद्धा नीट घातला आणि खोकं बाबाच्या हातात. तिची जुनी चप्पल बाबानेच सकाळी "टाक ही" म्हणून कचऱ्यात टाकलेली आणि मावशींनी डबा कधीच रिकामा केला होता. पोर अनवाणी. मी विचारलं, बूट घालून नाही जायचं? म्हणे, "ते बाबाच्या शनिवारचे आहेत."

रडली असती तर काय करायचं ते मला येतं, ट्रेनिंग आहे. ही रडलीच नाही. आईने कडेवर उचललं, त्याच्याकडे न बघता सही केली, आणि मी शेऱ्यात लिहिलं, सुरळीत. खरं लिहिलं असतं तर पुढच्या तारखेला बाबाचा अर्ज की आई मुलीला अनवाणी नेते, त्यावर आईचा से, म्हणजे लेखी उत्तर, की चप्पल यानेच फेकली, आणि दोघंही खरं बोलत असते.

पुढे दोघांचं तात्पुरतं जमलं, कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या अटी, बनवताना मी हट्टाने एक ओळ घालायला लावली की वडिलांनी दिलेल्या वस्तू मुलगी घरी नेईल. दिवाळीची सुट्टी अर्धी-अर्धी, रोज व्हिडिओ कॉल संध्याकाळी सात वाजता, हे सगळं वकिलांकडे टाइप करून तयारच असतं, फक्त नावं बदलतात. माझ्या ओळीवर एकजण हसला, "मॅडम, आता बुटांचा पण क्लॉज?" म्हटलं हो, बुटांचा पण. राहिला तो क्लॉज.

नंतरच्या शनिवारी पोर चप्पल घालून आली, हातात किराणा दुकानाची पिशवी, पिशवीत बूट. बाकावर बसून बदलले. तळवे अजून कोरेच होते, बाहेरची धूळ लागलेली नव्हती. एकला पाच कमी झाल्यावर परत चप्पल, बूट पिशवीत, पिशवीला गाठ, आणि ती या वेळी आईच्या हातात. ऑर्डरचं शब्दशः पालन, वस्तू घरी जातेय. ‘वापरू देतील’ असं लिहायला हवं होतं, ते मला सुचलंच नाही.

दोघांच्या सह्या झाल्या. शेऱ्यावर पेन टेकवून बसले होते तर मावशी म्हणाल्या, मॅडम, पुढचे थांबलेत.